परमुलखातला पाळणा

वाराणसीच्या दक्षिण टोकाला, अस्सी घाटाजवळ, भदैनी नावाचा मोहल्ला आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थळ म्हणून तिथे स्मारक उभारलेलं आहे. येणारे लोक राणीची तलवार आठवतात, घोडा आठवतात, पाठीशी बांधलेलं मूल आठवतात. पण त्या जागी जे घडलं ते एका साध्या घरातलं बाळंतपण होतं. मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई हे मराठी जोडपं गंगेच्या काठी परक्या मुलखात राहत होतं, आणि तिथे त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं मणिकर्णिका, काशीच्या प्रसिद्ध घाटाचंच. रूढ तारीख १९ नोव्हेंबर १८२८ ही आहे. काही चरित्रकार १८३५ हे साल देतात.

हे कुटुंब काशीत का होतं, याचं उत्तर पुण्यात आहे. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यांना वर्षाला आठ लाख रुपयांचं निवृत्तिवेतन ठरलं आणि कानपूरजवळच्या बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, पाठवण्यात आलं. त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा काशीला जाऊन राहिले. राज्य गेलं तेव्हा धन्यांबरोबर त्यांचे कारभारी, आचारी, पुरोहित, शागीर्द असा सगळा गोतावळा उत्तरेला गेला. मोरोपंत हे चिमाजी अप्पांच्या पदरी होते. अशा माणसाच्या बायकोने परमुलखात मूल वाढवायचं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही. तो विचारायला हवा, कारण आज न्यू जर्सीत, आम्स्टरडॅममध्ये किंवा सिंगापुरात तान्ह्या बाळासह नवं घर मांडणाऱ्या हजारो मराठी आईबापांचा प्रश्न तोच आहे.

मराठी घरांच्या रीतीत पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, मुलगी आईकडे जाते, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर सासरी परतते. या रीतीमागे मोठा व्यवहार आहे. नव्या आईला झोप लागते, दूध उतरण्यासाठी तिच्या पोटात वेळेवर अन्न जातं, बाळाला न्हाऊ घालायला अनुभवी हात असतात, आणि रात्री बाळ रडलं तर ‘हे भुकेचं रडणं की पोटदुखीचं’ हे सांगणारी बाई शेजारच्या खोलीत असते. माहेर ही मूल जगवण्याची एक पूर्ण व्यवस्था आहे. पुण्याहून काशीचं अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास. आगगाडी येण्याआधी बैलगाडी, डोली, घोडं किंवा पायी एवढीच साधनं होती आणि प्रवासाला दोन महिने सहज लागत. दिवस गेलेल्या बाईला त्या रस्त्याने माहेरी धाडणं अशक्यच होतं.

मग काशीतल्या मराठी बाया बाळंत होत कुठे? उत्तर असं की तोपर्यंत काशीतच एक माहेर तयार झालेलं होतं, आणि ते तयार व्हायला तीनशे वर्षं लागली होती.

त्याचा आरंभ शोधायचा तर सोळाव्या शतकातल्या पैठणला जावं लागतं. तिथले विद्वान रामेश्वरभट्ट यांच्या कुटुंबाची हकीकत त्यांचा नातू शंकरभट्ट याने संस्कृतात लिहून ठेवली, आणि हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ साली काशीतल्या दाक्षिणात्य पंडितांवरच्या लेखात ती आधुनिक वाचकांपुढे आणली. रामेश्वरभट्टांना उशिरा मूल झालं. थोरला नारायण १५१३ च्या सुमारास जन्मला तो प्रवासात, द्वारकेच्या वाटेवर. कुटुंब काही वर्षं द्वारकेला राहिलं, परत पैठणला आलं आणि मग कायमचं काशीला निघालं. धाकटा श्रीधर काशीच्या वाटेवर झाला, आणि तिसरा माधव काशीत पोहोचल्यावर. या हकीकतीत आईबद्दल फार थोडं आहे. तरी तीन मुलांच्या जन्मांची ही ठिकाणं वाचली की तिचं आयुष्य समोर येतं. पहिलं बाळंतपण वाटेत, दुसरं वाटेत, आणि तिसरं जिथे आपलं म्हणावं असं कुणीच नाही अशा शहरात. काशीतल्या मराठी वस्तीचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यात या बाईचं नाव मोजलं पाहिजे.

वाटेवर जन्मलेला नारायण पुढे नारायणभट्ट म्हणून काशीचा सर्वात मान्य पंडित झाला. अकबराच्या काळात विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं त्याचं श्रेय परंपरा त्याला देते. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ त्याचाच. पण इथे महत्त्वाचा आहे तो त्याचा दुसरा ग्रंथ, ‘प्रयोगरत्न’. त्यात संस्कारांचे विधी पायरीपायरीने दिलेले आहेत: जन्मानंतरचं जातकर्म, नामकरण, बाळाला प्रथम घराबाहेर नेण्याचं निष्क्रमण, पहिला घास देण्याचं अन्नप्राशन, जावळ. गावात राहणाऱ्याला असलं पुस्तक फारसं लागत नाही, कारण तिथे आजी असते, उपाध्ये असतात, आणि काय कधी करायचं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. घर मागे सोडून आलेल्यांना मात्र लिहून ठेवलेली रीत लागते. नारायणभट्टाचा नातू कमलाकरभट्ट याने १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला, आणि काशीत बसून लिहिलेला तो ग्रंथ महाराष्ट्रातल्या घरोघरच्या धार्मिक निर्णयांचा आधार झाला. नारायणभट्टाचा पणतू गागाभट्ट १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करायला आला. पैठण सोडून गेलेल्या घराण्याने पाचव्या पिढीत महाराष्ट्राला राज्याभिषेकाचा विधी दिला.

अठराव्या शतकात वस्तीला दगडी रूप आलं. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट बांधवले, आणि त्या भागात मराठी घरं दाटली. १७३५ साली थोरल्या बाजीरावांच्या आई राधाबाई काशीयात्रेला आल्या. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचं आजचं देऊळ बांधलं. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांचा राजाघाट, पंचगंगेवर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेलं बिंदुमाधवाचं मंदिर अशी ही ओळ आजही नावेतून दिसते. इतिहासकार या बांधकामांना धर्मकार्य म्हणतात आणि ते आहेच. पण ज्या घाटावर देऊळ बांधलं जातं तिथे पुजारी लागतो, पुजाऱ्याचं कुटुंब येतं, कुटुंबाला दूधवाला, वैद्य, शिंपी लागतो. अन्नछत्र चालतं तिथे नव्याने आलेल्यांची पहिल्या दिवसांची जेवणाची सोय होते. घाटामागून गल्ली आणि गल्लीमागून मोहल्ला उभा राहतो.

मोरोपंत आणि भागीरथीबाई आले तेव्हाचं बनारस कसं होतं, याची उत्तम नोंद योगायोगाने त्याच वर्षांतली मिळते. टांकसाळीत धातू-पारखी म्हणून आलेला जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात तिथे होता. त्याने शहराचा नकाशा केला, रस्त्यांची चित्रं काढली, आणि १८२८-२९ च्या सुमारास शिरगणती केली. तिच्यात वस्ती एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास भरली. साचलेलं पाणी काढून देण्यासाठी शहराच्या पोटातून विटांचा बोगदाही त्याने बांधून घेतला. त्याच्या चित्रांतल्या गल्ल्या आजच्या पक्का महाल या जुन्या भागातल्या गल्ल्यांसारख्याच आहेत: चुनारच्या दगडाची तीन-चार मजली घरं, मधे दोन माणसांपुरती वाट, वर आभाळाची चिरोटी.

अशा घरात तान्ह्या बाळाचं करणं म्हणजे काय, याचा अंदाज बनारसच्या हवेवरून बांधता येतो. उन्हाळ्यात लू वाहते आणि पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. जानेवारीत धुकं उतरतं आणि काही रात्री तापमान पाच अंशांच्याही खाली घसरतं. कोकणातून किंवा पुण्याकडून आलेल्या बाईला असली थंडी ओळखीची नव्हे, आणि नवजात बाळाला थंडी फार घातक, कारण त्याच्या अंगात ऊब धरून ठेवणारी चरबी कमी आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा. पूर्व उत्तर प्रदेशात यासाठी बोरसी असते. मातीच्या पसरट भांड्यात गोवऱ्यांचा निखारा रात्रभर धुमसत ठेवायचा. मराठी घरात शेकशेगडी होतीच. दोन्हींची जात एकच, आणि दोन्हींचा धोकाही एकच: बंद खोलीत निखाऱ्याचा धूर बाळाच्या फुप्फुसांना बाधतो.

थंडीबद्दलची गोष्ट फक्त जुन्या काळाची नाही. याच राज्यात, रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढ भागात, काही वर्षांपूर्वी एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, बाळंतिणीबरोबरच सासू, शेजारीण, सुईण यांना एकत्र बसवून काही साध्या गोष्टी पटवल्या. बाळाला लगेच न्हाऊ घालू नका, पुसून कोरडं करा, आईच्या उघड्या छातीशी धरा, पहिलं चिकाचं दूध पाजा, नाळ स्वच्छ ठेवा. ज्या गावांत हे झालं तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. यंत्र नाही, महागडं औषध नाही. घरातले आणि शेजारचे हात नीट वापरले गेले, एवढंच. बाळाच्या पहिल्या महिन्यात आईभोवती कोण आहे, हा प्रश्न किती मोठा आहे हे याहून स्पष्ट कशाने होईल?

काशीतल्या मराठी बाळंतिणीभोवती दोन प्रकारचे हात होते. एक मराठी. आळीत लग्नसंबंध जुळत, काशीच्या मुली ग्वाल्हेर, झाशी, सागर इथल्या मराठी घरांत पडत आणि तिकडच्या इकडे येत. पिढ्या उलटल्या तसं कित्येकींचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे आलं. या घरांत पाचवीला सटवीची पूजा होते, बाराव्या दिवशी बारसं होतं, डिंकाचे नि मेथीचे लाडू वळले जातात. बाळगुटीच्या पुडीतलं मुरडशेंग, वेखंड, हिरडा, सागरगोटा, जायफळ यांतलं बहुतेक सगळं बनारसच्या बाजारात मिळतंच. अडतं ते ओल्या नारळापाशी.

दुसरे हात बनारसी. दाई तिथलीच, मालीशवाली तिथलीच. ती खोबरेल जाणत नाही, तिच्या वाटीत सरसोंचं तेल असतं आणि ती मोहरी वाटून केलेलं उटणं बाळाला चोळते. बाळंतिणीसाठी सुंठीचे लाडू आणि ओव्याची अछवानी करते. सटवीच्या जागी तिची छठी आहे, बारशाच्या जागी बरही. मुलगा झाला की शेजारणी अंगणात जमून सोहर गातात. काजळाची डबी तिच्याकडेही असतेच, तिला ती कजरौटा म्हणते. हिरड्यासुंठीपासून काजळापर्यंत दोन्हींकडे इतकं जुळतं की नव्या सुनेला परकेपण वाटलं तरी बाळाला ते वाटायला फारसं कारण उरत नाही.

यातलं सगळंच जपण्यासारखं आहे असं मात्र नाही. आज जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते. गुटी, मध, पाणी काहीच नको म्हणते. उगाळलेल्या गुटीतून जंतू जातात, काजळात शिसं सापडलेलं आहे, आणि मोहरीचं तेल त्वचेचा संरक्षक थर भरून यायला अडथळा करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. आजीच्या हाताचं मोल मान्य करायचं आणि तिच्या वाटीतलं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, हीच रीत बाळाच्या हिताची.

जुन्या रीतींपैकी एक मात्र फार शहाणी आहे. मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात निष्क्रमण सांगितलं आहे आणि सहाव्यात अन्नप्राशन. सहाव्या महिन्याचा घास आजच्या सल्ल्याशी जुळतो. निष्क्रमणात बाळाला सूर्यदर्शन घडवायचं असतं. पक्का महालच्या तळमजल्यांत ऊन महिनोन्‌महिने शिरत नाही. तिथे सूर्य भेटतो तो गच्चीवर किंवा घाटावर. सूर्यप्रकाशाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो, हे विसाव्या शतकात कळलं. ब्रिटनमध्ये आज अंगावर पिणाऱ्या प्रत्येक बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायला सांगतात, आणि सावळ्या कातडीच्या मुलांच्या आईबापांना तर आवर्जून. लंडनच्या डिसेंबरात ऊन इतकं तिरपं असतं की बाळाला बाहेर नेऊनही त्याचा त्या कामी उपयोग होत नाही.

आणि मग पाणी. भदैनीतूनच पुढे गंगेचं पाणी उपसून शहराला पुरवलं जाऊ लागलं, पण मणिकर्णिकेच्या, म्हणजे मनूच्या, लहानपणी विहीर आणि घागर हाच आधार होता. पावसाळ्यात नदी पायऱ्या चढून गल्ल्यांत येते. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९ मीटरवर गेलं होतं. अशा दिवसांत खालच्या मजल्यावरची घरं वरच्या मजल्यावर जातात. नवखं कुटुंब ते पहिल्या वर्षी शेजाऱ्यांकडून शिकतं. ते नकाशात लिहिलेलं नसतं.

मनूच्या बाबतीत मात्र ही सगळी व्यवस्था फार दिवस पुरली नाही. चिमाजी अप्पांचा मृत्यू झाला, मोरोपंतांचा आश्रय तुटला, आणि तीन-चार वर्षांच्या मुलीची आई वारली. मोरोपंत मुलीला घेऊन बिठूरला बाजीरावांकडे गेले. म्हणजे कळायला लागण्याच्या वयात या पोरीचं दुसरं घर, आणि तेही आईवाचून.

बिठूरच्या त्या वाड्यात असं मूल ती एकटीच नव्हती. नानासाहेब १८२४ साली कर्जतजवळच्या वेणगावात जन्मले. त्यांचे आईवडील, माधवराव भट आणि गंगाबाई, मुलाला घेऊन बिठूरला आले, आणि १८२७ साली बाजीरावांनी त्याला दत्तक घेतलं. तीन वर्षांचं पोर, सह्याद्रीच्या पायथ्यापासून गंगेच्या सपाटीवर. १८५७ ची कथा सांगताना आपण या दोघांना थेट मोठेपणी भेटतो. त्यांच्या लहानपणाकडे पाहिलं तर दिसतो तो निर्वासितांचा एक वाडा. त्यात मराठी बोलणारी मुलं एकत्र वाढतात, कुणाची आई नाही, कुणाचे बाप बदललेले, आणि त्यांना वाढवतात वाड्यातली अनेक माणसं मिळून. मनूला लिहिणंवाचणं, घोडा, तलवार आलं ते इथे. चरित्रकार तिच्या धीटपणाचं कारण बहुधा मुलांच्या संगतीत शोधतात. या लेखकाला वाटतं, तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं पुष्कळ होती हेही तितकंच खरं कारण असावं. १८४२ साली लग्न होऊन ती झाशीला गेली, तेही पुन्हा एका मराठी संस्थानात.

काशीत राहिलेल्या मराठी घरांतली मुलं वेगळ्या अर्थाने तिथली झाली. घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली, पाठशाळेत संस्कृत आणि पुढे हिंदी. १८८३ साली काशीच्या मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेचे आद्य पुरुष मानले गेले. लक्ष्मण नारायण गर्दे यांचीही तीच वाट. परभाषा शिकायची म्हणून ही माणसं हिंदी शिकली नव्हती; पाळण्यात असल्यापासून कानावर दोन भाषा पडल्या होत्या. परदेशी गेलेल्या आईबापांना ‘मूल दोन भाषांत गोंधळेल का?’ ही काळजी हमखास पडते, म्हणून पराडकरांचं उदाहरण सांगण्यासारखं आहे.

ज्या वर्षी पराडकर जन्मले त्याच वर्षी एक मराठी आई तान्हेपण नुकतंच सरलेल्या मुलीला घेऊन बोटीने इंग्लंडला निघाली. ही आई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत वारले होते. निघताना मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. रमाबाईंना वैद्यकी शिकायची होती आणि पुण्यात काम करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींच्या वाँटेज इथल्या मठात त्यांची सोय झाली. सोबत आलेली मैत्रीण काही महिन्यांतच वारली. बहिरेपणामुळे वैद्यकीचा बेतही सोडावा लागला. परक्या थंड गावात, लहान मूल कडेवर, आणि ओळखीचं माणूस एकही नाही.

मठ त्यांचं माहेर झाला. सिस्टर जेराल्डीन आणि इतर जोगिणींनी मनोरमेला जीव लावला, रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत-शिकवत असताना तिला सांभाळलं. पण सांभाळणाऱ्यांचा मुलावर हक्क किती, हा वाद तिथूनच पेटला. मनोरमेला धर्माचं कोणतं शिक्षण द्यायचं यावर रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात लांबलचक पत्रव्यवहार झाला. तो १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. रमाबाई उपकार विसरत नाहीत, पण आई म्हणून निर्णय आपला आहे हे त्या सोडत नाहीत. परदेशात मूल वाढवणाऱ्या प्रत्येकीने ती पत्रं वाचावीत. आश्रय देणारे हात सोबत आपल्या अटीही आणतात. काशीच्या मराठी आळीतही तेच होतं. तिथे मदत होती ती जातीच्या चौकटीत, सोवळ्याओवळ्याच्या नियमांत, आणि विधवेला तर त्या मदतीची किंमत केस देऊन मोजावी लागे. रमाबाईंनी अटी ओळखल्या, त्यांच्याशी भांडल्या, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा अशाच एकट्या पडलेल्या बायकांना घर दिलं. मनोरमा पुढे आईच्याच शाळांचं काम पाहू लागली.

आजच्या मराठी घरांनी माहेरच विमानात बसवलं आहे. अमेरिकेत पाहुणा म्हणून येणाऱ्याला साधारणपणे एका वेळी सहा महिने राहता येतं, आणि या नियमाने हजारो मराठी आजीआजोबांचं वेळापत्रक ठरवलं आहे. बाळंतपणाला मुलीचे आईवडील येतात, ते परतले की मुलाचे येतात, आणि वर्ष निभतं. बॅगेत बाळंतशेपा, डिंक, अळीव, दुपटी. दुसरीकडे इस्पितळ सांगतं की मोटारीत मागे तोंड करून बसवायची खास खुर्ची असल्याशिवाय बाळाला घरी नेता येणार नाही. बाळाला पाठीवर, सपाट गादीवर, उशी-दुलईशिवाय निजवायचं, हेही तिथेच कळतं. ‘दुलई नाही? गारठेल ना!’ हा आजीचा प्रश्न आणि डॉक्टरांचा आग्रह यांत सूनबाई अडकते. डॉक्टरांचं ऐकावं. पाठीवर निजवण्याचा प्रसार १९९० च्या दशकात झाला आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू अमेरिकेत निम्म्यावर आले.

काही देशांनी मात्र माहेराचं काम सरकारी यंत्रणेकडे दिलं आहे, आणि ते पाहून मराठी माणसाला नवल वाटतं. ब्रिटनमध्ये बाळ दहा ते चौदा दिवसांचं झालं की आरोग्य खात्याची परिचारिका घरी येते, बाळाचं वजन पाहते, आईची मनःस्थिती विचारते. आईबाप किंवा आजीआजोबा भारतासारख्या क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेले असतील तर बाळाला बीसीजीची लस देऊ करतात. बाकीच्यांना ती सरसकट देत नाहीत. म्हणून जन्मानंतर काही महिन्यांनी भारतातून गेलेल्या बाळाचं लसीकरणाचं कार्ड पासपोर्टाइतकंच जपून न्यावं लागतं.

नेदरलँड्सची रीत तर आपल्या फार जवळची. तिथे बाळंतिणीच्या घरी पहिले आठएक दिवस रोज काही तास एक प्रशिक्षित बाई येते. ती बाळाला अंघोळ घालायला शिकवते, आईचे टाके पाहते, दूध पाजताना बाळाला कसं धरायचं ते दाखवते, थोरल्या भावंडाला शाळेला सोडते, थोडं घरकामही करते. खर्च बहुतांशी आरोग्यविम्यातून. पाहुण्यांना देतात ते बिस्किटावर लोणी लावून, वर साखर चढवलेली बडीशेपेची बारीक गोळी पेरलेलं. बडीशेपेने दूध वाढतं अशी जुनी समजूत त्यामागे आहे. बाळंतशेपा चघळणाऱ्या मराठी बाईला यात परकं काय वाटणार?

पण ती बाई आठ-दहा दिवसांनी जाते, आणि आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना जपायची असते. मधले चार आठवडे कोण भरून काढणार? जिथे आजी येऊ शकत नाही, व्हिसा मिळत नाही किंवा तिचीच तब्येत बरी नसते, तिथे हे काम मराठी मंडळांतल्या बायका करतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. दोन्हींची जाहीर कामं म्हणजे गणपती, नाटकं, अधिवेशनं. त्यांच्या इतिहासात जे लिहिलं जात नाही ते म्हणजे आपसांत पाळ्या लावून पोचवलेले डबे: सोमवारी एकीकडून मऊ भात-मेतकूट, मंगळवारी दुसरीकडून मेथीची भाजी नि भाकरी, आणि डबा घ्यायला दार उघडणाऱ्या आईला ‘तू जरा पड, मी घेते बाळाला तासभर’ असं म्हणणारी कुणीतरी. नव्या गावात घर शोधताना भाडं, शाळा आणि स्टेशनचं अंतर पाहतात, तसंच अशी बाई किती अंतरावर राहते हेही आधी पाहून घ्यावं.